चौसष्ट ते पासष्ट

कारखान्याचा मोठा रूळ बदलायला काढलाय
म्हणून अडीच दिवस सुट्टी.
शनिवार, रविवार, सोमवारची सकाळ;
दोनच्या पाळीला मात्र मी परत
कागदाच्या पांढऱ्या धुळीत उभी हवी.

अठ्ठ्याऐंशी देवळं. बाराशे किलोमीटर.
सबंध शिकोकू बेटाला पायी प्रदक्षिणा.
पन्नासेक दिवस लागतात म्हणे.
एवढी सवड आमच्यात मेल्यावरच मिळते:
एकोणपन्नास दिवस,
पुढच्या जन्माचा पत्ता ठरेपर्यंत.

शेजारच्या हानावा-सानांनी नकाशा पसरला.
एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी,
कुठलंही अंतर त्यांना मिनिटांत दिसतं.
एका कोपऱ्यावर सोया सॉसची बाटली,
दुसऱ्यावर स्वतःचा चष्मा.
"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट.
दुपारच्या आत चार शिक्के!
आदल्या दिवशी डोंगरावरचं साठावं उरकून घ्या.
अडीच दिवसांत पाच.
परवडतं."

मी बोट पुढे सरकवलं.
चौसष्ट ते पासष्ट.
पंचेचाळीस किलोमीटर,
मध्ये क्रमांकाचं एकही देऊळ नाही.

"तिथं काय आहे?" ते म्हणाले,
"हायवे. टायरची दुकानं. पाचिंको.
तुमचाच कारखाना."

आणि माझं घर, हानावा-सान.

सव्वीस वर्षं मी मोरीपाशी उभी राहून
घंटेचा आवाज ऐकलाय, आधी लांबून, मग खिडकीखाली.
ओल्या हातांनीच बाहेर धावायचं,
दोन संत्री द्यायची, कधी गरम चहा,
एकदा एका पोराच्या टाचेला चिकटपट्टी.
ते हात जोडतात, नावाची चिठ्ठी देतात
आणि जातात.
मी भांड्यांकडे वळते.
तांदळाच्या क्रॅकर्सचा जुना डबा भरलाय चिठ्ठ्यांनी.
आकिताच्या एका म्हाताऱ्यानं
इच्छेच्या जागी लिहिलं होतं:
पाऊस थांबो.
एवढंच मागत आला होता तो एवढ्या लांबून,
की सगळं मागून झाल्यावर एवढंच उरलं होतं,
कोण जाणे.

मला ते घर एकदा
त्यांच्या बाजूनं बघायचंय.
पाठीवर ओझं, हातात काठी,
तळवे पेटलेले,
आणि डावीकडे कुणाचं तरी घर,
दोरीवर कुणाचे तरी मोजे,
खिडकीत कुणीतरी.

तर बेत असा:
शनिवारी पहिली गाडी, इशिझुचियामा स्टेशन.
चौसष्टाव्या देवळात वहीवर शिक्का.
संध्याकाळपर्यंत नीहामा; लॉजमध्ये आंघोळ, फोडांना सुई.
रविवारी दोई, मग मिशिमा.
पुलांवर काठी आपटायची नाही,
खाली कोबो दाइशी झोपलेले असतात.
सोमवारी पहाटे चढण,
दहाला पासष्टावं,
साडेअकराला उतार,
मिळालीच तर बस.

चिहाया भाताचा कुकर लावता लावता म्हणाली,
"रविवारी दुपारी तू दारावरूनच जाणार.
रात्री झोपायला घरीच ये की.
मिशिमाच्या लॉजला पैसे कशाला?"

हानावा-सानांनी चष्मा उचलला.
नकाशाचा तो कोपरा हळूच गुंडाळला गेला.

"मी थांबणार नाही," मी म्हटलं.
"तू दारात उभी राहा. संत्रं दे.
आई म्हणू नकोस."

"आणि तू चिठ्ठी देणार मला?"

"देईन."

"इच्छेच्या जागी काय लिहिशील?"

कुकरचा दिवा लाल होता.
मी कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून काढलं,
गाड्या, किलोमीटर, लॉजचा फोन,
निळ्या बॉलपेननं, ठळक.
फक्त 'रविवार, तीन वीस, घर'
एवढी ओळ पेन्सिलीनं.

बूट अजून घ्यायचेत.
हानावा-सान म्हणतात, अर्धा नंबर मोठे घ्या,
चालता चालता पाय वाढतात.